मन आणि संगणक : एका उपमेचा प्रवास

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी माध्यमाची एक शाळा साठ वर्षे अखंड चालते, ही सामान्य घटना नव्हे. अशा शाळेच्या हीरक महोत्सवात चार विचार मांडण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी प्रारंभीच कृतज्ञता व्यक्त करतो.

आजचा विषय आहे मानसशास्त्राने मनाला दिलेली संगणकाची उपमा. विषय तज्ज्ञांचा वाटेल, पण ही उपमा आज घराघरांत पोहोचली आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थी म्हणतो, ‘मेमरी फुल झाली.’ दमलेला माणूस म्हणतो, ‘डोकं हँग झालं.’ आपण पालकही, एक मूल ‘फास्ट’ आणि दुसरे ‘स्लो’ असे सहज बोलून जातो. असे शब्द तोंडी रुळले की ते विचारांनाही वळण लावतात आणि त्या वळणाने शाळेत व घरात मुलांविषयी निर्णय होऊ लागतात. म्हणून ही उपमा आली कोठून, तिने काय दिले आणि ती कोठे अपुरी पडते, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

या कामी आपल्या मराठीच्या तासाला शिकलेले अलंकार उपयोगी पडतील. ‘मुख कमळासारखे आहे’ ही झाली उपमा. मुख हे उपमेय, कमळ हे उपमान. येथे दोहोंत साम्य आहे, पण दोन्ही वेगळी आहेत. ‘मुखकमल’ म्हटले की रूपक झाले. दोहोंतील भेद पुसला गेला. आणि ‘हे मुख नव्हेच, हे कमळ आहे’ असे म्हटले की अपन्हुती झाली; उपमेयच नाकारले गेले. मन आणि संगणक यांच्या नात्याचा इतिहास याच क्रमाने घडला आहे. ‘मन संगणकासारखे आहे’ येथून तो सुरू झाला, ‘मन म्हणजे संगणक’ येथे आला, आणि काहींच्या लेखी तो ‘मन असे काही नाही, आहे तो केवळ माहितीवर प्रक्रिया करणारा एक यंत्रव्यूह’ येथवर पोहोचला.

मनाला उपमा देण्याची प्रथा फार जुनी आहे. कठोपनिषदात शरीर हा रथ आहे, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने स्मृतीला मेणाच्या पाटीची उपमा दिली. अनुभव त्या मेणावर ठसा उमटवतो. सतराव्या शतकात जॉन लॉकला मन कोऱ्या कागदासारखे वाटले. विसाव्या शतकाच्या आरंभी मेंदूची तुलना टेलिफोन एक्सचेंजशी होऊ लागली. प्रत्येक काळाने आपल्याला परिचित आणि प्रभावी वाटणारे साधन घेऊन मनाकडे पाहिले. या परंपरेत संगणक सर्वांत अलीकडचा.

मात्र संगणकाच्या बाबतीत एक गंमत आहे. रथ, मेण, कागद ही साधने मनाच्या नमुन्यावर बेतलेली नव्हती. संगणकाची कल्पना मात्र माणसाकडे पाहूनच सुचली. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्रापूर्वी माणसांसाठी वापरला जात असे. कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करणाऱ्या कर्मचाऱ्याला इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणत. १९३६ साली ब्रिटिश गणिती ॲलन ट्यूरिंग यांनी ज्या शोधनिबंधात आधुनिक संगणकाची मूळ कल्पना मांडली, त्यात त्यांनी असाच आकडेमोड करणारा माणूस डोळ्यांपुढे आणला आहे. त्याच्यासमोरचा कागद कसा? तर लहान मुलांच्या गणिताच्या वहीसारखा, चौकटी आखलेला. म्हणजे आज ज्या यंत्राशी आपण मुलांच्या बुद्धीची तुलना करतो, त्याच्या जन्मकथेत लहान मुलाची गणिताची वही आहे. पण ट्यूरिंग यांनी माणसाच्या एकाच कृतीचे यंत्र कल्पिले होते : ठरलेल्या नियमांनी चिन्हे मांडणे आणि बदलणे. तो माणूस आकडेमोड का करतो, तिला कंटाळतो की तीत रमतो, या गोष्टी त्यांच्या प्रश्नाच्या बाहेर होत्या आणि त्यांनी त्या रीतसर बाहेर ठेवल्या. पुढे मनाचे वर्णन त्याच यंत्राच्या भाषेत होऊ लागले, तेव्हा वगळलेल्या या गोष्टी वगळलेल्याच राहिल्या.

आता मानसशास्त्राकडे वळू. १९१३ साली अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी वर्तनवादाचा जाहीरनामा मांडला. शास्त्र म्हणवायचे असेल तर मानसशास्त्राने जे बाहेरून दिसते आणि मोजता येते त्याचाच, म्हणजे वर्तनाचाच, अभ्यास करावा, असा त्यांचा आग्रह होता. चेतक काय आणि प्रतिसाद काय, एवढेच पाहायचे. पुढची सुमारे चार दशके अमेरिकी मानसशास्त्रावर या विचाराचे वर्चस्व राहिले. विचार, कल्पना, हेतू, स्मरण हे शब्द प्रयोगशाळेत संशयास्पद ठरले.

ही कोंडी फोडण्यास संगणकाने मोठाच हातभार लावला. ११ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील एका परिसंवादात तीन महत्त्वाचे निबंध एकाच दिवशी वाचले गेले. ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातील प्रमेये सिद्ध करणारी संगणकाची आज्ञावली मांडली. नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या व्याकरणाची गणिती चिकित्सा केली. जॉर्ज मिलर यांनी अल्पकालीन स्मृतीची मर्यादा सांगितली. बोधनिक विज्ञानाचा जन्मदिवस म्हणून पुढे स्वतः मिलर यांनीच ही तारीख सांगितली.

युक्तिवाद साधा होता. यंत्राच्या आत काय चालते हे बोलणे जर अशास्त्रीय नसेल, तर माणसाच्या आत काय चालते हे बोलणे अशास्त्रीय का ठरावे? यंत्रात माहिती येते, साठते, तिच्यावर प्रक्रिया होते आणि निष्पत्ती बाहेर पडते. मनाचेही वर्णन असेच करून पाहू, त्यातून अंदाज बांधू आणि प्रयोगाने ते तपासू. ज्या यंत्राला मन नाही, त्याने मानसशास्त्राला मनाविषयी बोलण्याची मुभा मिळवून दिली, हे ऋण मान्यच केले पाहिजे.

या उपमेने शाळेलाही उपयोगी असे काही दिले. एका वेळी आपण साधारण सात, दोन कमी वा दोन अधिक, इतकेच घटक ध्यानात धरू शकतो, असे मिलर यांनी १९५६ मध्ये दाखवले. नंतरच्या संशोधकांनी ही संख्या चारच्या आसपास आणली. संख्या कोणतीही घ्या, मनाचे काम करण्याचे टेबल लहान आहे, हे खरे. शाब्दिक उदाहरण सोडवताना ज्या मुलाला ‘सात आठे’ आठवायलाच धडपडावे लागते, त्याच्या त्या लहानशा टेबलावर मूळ उदाहरणाला जागाच उरत नाही. पाढे पाठ असलेल्या मुलाचे टेबल मोकळे राहते. आपल्या आजी-आजोबांनी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी म्हटली, त्यामागेही हेच व्यवहारज्ञान होते. पाठांतराला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण येथेच एक प्रश्न उभा राहतो. सात घटक, ठीक. पण घटक म्हणजे काय? मी सोळा अंक उच्चारतो : एक, सहा, सात, चार, एक, आठ, पाच, सात, एक, नऊ, चार, सात, एक, नऊ, सहा, शून्य. मिलर यांच्या हिशेबाने हे लक्षात राहू नयेत. आता तेच अंक असे म्हणतो : १६७४, १८५७, १९४७, १९६०. शिवराज्याभिषेक, सत्तावनचा उठाव, देशाचे स्वातंत्र्य, महाराष्ट्र राज्याची स्थापना. सोळा अंकांचे चारच घटक झाले आणि या सभागृहातील बहुतेकांना ते उद्याही आठवतील. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही, त्याच्यासाठी मात्र ते सोळाच राहतील. संगणकाला दोन्ही वेळा सारखीच जागा लागते. माणसाच्या मनात किती मावेल, हे त्याला त्यातले किती कळते यावर अवलंबून असते.

स्वतः सायमन यांनीच विल्यम चेस यांच्यासह १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर केलेल्या प्रयोगांतून हेच दिसले. खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू ती नवख्यापेक्षा कितीतरी अचूक पुन्हा मांडत असे. सोंगट्या पटावर कशाही विखुरल्या की त्याचे श्रेष्ठत्व जवळजवळ नाहीसे होई. त्याची स्मृती मोठी नव्हती. त्याला पट वाचता येत होता.

या उपमेचा पहिला दोष स्मृतीच्या बाबतीत दिसतो. संगणकात साठवलेली नोंद जशी ठेवली तशी परत मिळते. माणसाचे तसे नाही. केंब्रिजचे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात एका प्रयोगमालेचे वर्णन केले आहे. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती सांगायला लावली. अनोळखी तपशील गळाले, कथा आखूड झाली, लहान होडग्याची साधी नाव झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. वाचकांनी कथा नुसती आठवली नव्हती. आपल्या ओळखीच्या जगाच्या साच्यात ती नव्याने रचली होती.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. काहींना विचारले, ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती होता?’ इतरांना विचारताना ‘आदळल्या’ऐवजी ‘एकमेकींना लागल्या’ अशा अर्थाचे सौम्य क्रियापद वापरले. जोरकस क्रियापद ऐकणाऱ्यांचा अंदाज सरासरी ताशी ४१ मैलांच्या जवळ होता, सर्वांत सौम्य क्रियापद ऐकणाऱ्यांचा सुमारे ३२ मैल. दुसऱ्या प्रयोगात, जोरकस शब्द ऐकलेल्यांपैकी अधिक जणांना आठवड्यानंतर फुटलेली काचही ‘आठवली’. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. वर्गात भांडण झाले आणि दोन मुलांनी दोन हकिकती सांगितल्या, तर एक जण खोटे बोलतोच आहे असे समजण्यापूर्वी हा प्रयोग आठवावा.

स्मृतीचा आणखी एक विशेष शिक्षकांच्या कामाचा आहे. संगणकातील फाइल शंभरदा उघडली तरी ती आहे तशीच राहते. माणसाची स्मृती आठवण्याने बदलते आणि बळकट होते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून पुस्तक मिटले आणि आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. म्हणजे उजळणी करताना डोळे पुस्तकावर ठेवण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवणे श्रेयस्कर. मनाला कपाट समजणाऱ्याला हे उमगणे कठीण, कारण वस्तू काढून पाहिल्याने कपाट मजबूत होत नाही.

उपमेचा दुसरा दोष आकलनाच्या बाबतीत दिसतो. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० साली एक कल्पित प्रसंग मांडला. चिनी भाषेचे अक्षरही न जाणणारा माणूस एका खोलीत बसला आहे. बाहेरून चिनी भाषेतील प्रश्न येतात. कोणत्या आकृतीला उत्तर म्हणून कोणती आकृती द्यायची, याचे नियमपुस्तक त्याच्याजवळ आहे. त्यात पाहून तो बिनचूक उत्तरे बाहेर देतो. बाहेरच्यांना वाटते, याला चिनी येते. त्याला मात्र एक शब्दही कळलेला नसतो. सर्ल यांच्या या दृष्टान्तावर आजतागायत वाद चालू आहे आणि त्याला दिलेली उत्तरेही विचारार्ह आहेत. परंतु शिक्षकांना ही खोली ओळखीची वाटेल. प्रश्नातला एक शब्द पाहून गाईडमधली पाच वाक्ये उतरवणारा आणि पूर्ण गुण मिळवणारा विद्यार्थी त्याच खोलीत बसलेला असतो. त्या खोलीचे दार आपल्या परीक्षापद्धतीने बांधलेले असते.

तिसरी उणीव स्वतः या शाखेच्या एका प्रवर्तकानेच सांगितली. उलरिक नायसर यांच्या १९६७ च्या ग्रंथाने बोधनिक मानसशास्त्र हे नाव रूढ केले. त्याआधीच, १९६३ साली, त्यांनी माणूस आणि यंत्र यांच्या विचारात तीन मूलभूत फरक दाखवले होते. माणसाचा विचार वाढीच्या प्रक्रियेचा भाग असतो. तो भावनांशी निगडित असतो. आणि माणसाच्या जवळजवळ प्रत्येक कृतीमागे एकाच वेळी अनेक प्रेरणा असतात. वर्गात हात वर करणाऱ्या मुलीकडे पाहा. तिला उत्तर सांगायचे आहे, बाईंची शाबासकी हवी आहे, शेजारच्या मैत्रिणीच्या पुढे जायचे आहे आणि चुकले तर हसे होईल ही भीतीही आहे. हे सारे बाजूला काढून केवळ ‘माहिती’ उरवली, तर तो अभ्यास मुलीचा राहत नाही. जेरोम ब्रूनर हे १९५६ च्या त्या चळवळीतील एक अग्रणी. १९९० मध्ये त्यांनीही खंत व्यक्त केली की मानसशास्त्र अर्थाचा शोध घ्यायला निघाले आणि संगणकाच्या प्रभावाने माहितीच्या हिशेबात अडकले.

येथे शकुंतला देवी यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये त्यांनी तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला. जगाने त्यांना ‘मानवी संगणक’ म्हटले. पुढे मानसशास्त्रज्ञ आर्थर जेन्सन यांनी त्यांच्या मानसिक वेगाच्या प्राथमिक कसोट्या घेतल्या आणि १९९० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवा लागताच बटण दाबणे यांसारख्या साध्या कामांत त्यांचा वेग मुळीच असाधारण नव्हता. त्यांच्या डोक्यात कोणतेही वेगळे, वेगवान यंत्र बसवलेले नव्हते. लहानपणापासून संख्यांशी त्यांचे सख्य होते; आपल्याला जेथे अंकांची रांग दिसते, तेथे त्यांना ओळखीची माणसे भेटावीत तसे होत असावे. ‘मानवी संगणक’ ही पदवी त्यांच्या कर्तृत्वाचा गौरव करते, पण त्याचे कारण सांगत नाही.

मित्रहो, आपल्या शाळेशी या सगळ्याचा सर्वांत निकटचा संबंध भाषेच्या प्रश्नात येतो. आपल्या शाळेतील मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर प्रांताची भाषा बोलते, हिंदी ऐकते आणि इंग्रजी शिकते. अनेक पालक काळजीने विचारतात, ‘एवढ्याशा डोक्यात इतक्या भाषा कशाला कोंबायच्या? मराठी वगळली तर इंग्रजीला जागा होईल.’ मुलांच्या हिताच्या तळमळीतूनच हा प्रश्न येतो. पण त्याच्या मुळाशी डोके म्हणजे ठरावीक क्षमतेची डिस्क, हीच उपमा आहे. डिस्कवरची एक फाइल पुसली की दुसरीला जागा होते. मनात तसे होत नाही. कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७९ पासूनच्या लेखनात मांडले की मुलाच्या दोन भाषा एकमेकींची जागा हिरावत नाहीत. एका भाषेत कमावलेली वाचनाची, अर्थ लावण्याची आणि मुद्देसूद मांडणीची क्षमता दुसऱ्या भाषेच्याही कामी येते. अट एवढीच की दुसऱ्या भाषेचा पुरेसा सहवास मुलाला मिळाला पाहिजे. म्हणून इंग्रजी उत्तम शिकवण्याची जबाबदारी मराठी शाळेने टाळू नये, आणि इंग्रजीसाठी मराठी काढून टाकली पाहिजे असे पालकांनी मानू नये. मघाचे सोळा अंक ज्या अर्थाच्या आधाराने चार झाले, तसा आधार मूल प्रथम घरच्या भाषेत बांधते. तो काढून घेतल्याने मन रिकामे होईल, पण मोकळे होणार नाही.

तर मग ही उपमा टाकून द्यावी काय? माझे मत तसे नाही. ‘मन मनासारखेच’ असा अनन्वय अलंकार काव्यात शोभतो, पण शास्त्राला त्याने पुढे जाता येत नाही. ‘मन संगणकाहून श्रेष्ठ’ हा व्यतिरेकही घाईचा आहे. गणनेत आणि अचूक साठवणीत यंत्र आपल्या कितीतरी पुढे आहे, आणि आता ते भाषेतही वावरू लागले आहे. शिवाय ही देवघेव दुतर्फी आहे. मज्जापेशींच्या जाळ्याचे तर्कशास्त्रीय प्रारूप वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडले. त्याच विचारपरंपरेतून आजची शिकणारी यंत्रे निर्माण झाली. उपमा ठेवावी, ती उपमा आहे याचे भान ठेवावे. साम्य जेथे आहे तेथे तिचा लाभ घ्यावा, आणि ते संपते तेथे उपमेयाकडे, म्हणजे समोर बसलेल्या मुलाकडे, पुन्हा पाहावे.

शिक्षकांनी एखाद्या मुलाविषयी ‘याच्या डोक्यात काही राहत नाही’ असे लिहिण्यापूर्वी, त्याला त्यातले काय कळले होते, हे एकदा विचारावे. पालकांनी मुलाच्या वेगाची तुलना करण्यापूर्वी, तो कशात रमतो हे पाहावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, आज घरी गेल्यावर कोणताही एक धडा वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल तेवढा घरातल्या कोणाला तरी आपल्या शब्दांत सांगा. काही विसराल, काही बदलाल, मध्येच एखादा प्रश्न पडेल. तो प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात विचारा.

साठ वर्षे या शाळेने हे प्रश्न मराठीत ऐकून घेतले आणि मराठीत त्यांची उत्तरे दिली. पुढील अनेक दशके तिच्याकडून हेच कार्य घडो, अशी शुभेच्छा व्यक्त करतो.